या कामाला वकील लागत नाही

मिलिंद,

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या कोर्टात कुणाचंच काम झालं नाही. वकील वारला की कामकाज बंद ठेवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. साहेब येऊन बसले, सगळे उभे राहिले, शांतता पाळली, आणि मग पुकारा होईल तशी एकेका दाव्याला पुढची तारीख पडत गेली. मी व्हरांड्यात आपल्या टेबलाशी बसून होते. तुझी खुर्ची जागेवर नव्हती. बारच्या, म्हणजे वकील संघटनेच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या म्हणून कुणीतरी ती उचलून नेली होती, तुझ्याच शोकसभेसाठी.

पहिल्या एसटीनं डोंगरातून आलेला एक म्हातारा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. त्याचाही दावा पुढे गेला होता. कोण वारलं, असं त्यानं विचारलं. मी तुझं नाव सांगितलं, पण त्याला ते ओळखीचं वाटलं नाही. मग मी म्हटलं, "बेल्ह्याच्या बाजारात कागद वाटायचे ना, ते."

म्हातारा तिथंच पायरीवर बसला. "कागदवाले भाऊ?" तो म्हणाला. "मंग पडू दे तारीख. त्या मानसापायी एक दिस गेला तर जाऊ दे."

आयुष्यभर तू तारखांच्या नावानं बोटं मोडलीस आणि जाताना सगळ्या तालुक्याला एकेक तारीख देऊन गेलास. तू असतास तर यावर पोट धरून हसला असतास. मला हसू आलं नाही. मला राग आलाय, तो अजून उतरलेला नाही, आणि तो काढायला हक्काचं माणूस म्हणजे तूच होतास. म्हणून तुलाच लिहिते आहे.

शोकसभेत तुझं फार कौतुक झालं. ज्यांनी तुझ्याविरुद्धच्या तक्रारीवर सह्या केल्या होत्या त्यातले बहुतेक जण बोलले, आणि चांगलं बोलले. बारचे अध्यक्ष तर तुला कायद्याची गंगा गोरगरिबांच्या दारी नेणारा भगीरथ म्हणाले. मी मनात तुझा आवाज ऐकला. ताई, गंगा कशाला, नुसतं नळाचं पाणी म्हणा की. मेल्या म्हशीला मणभर दूध, असं माझी आई म्हणायची. त्या दिवशी त्या खोलीत दुधाचा पूर आला होता. जिवंत होतास तेव्हा त्याच खोलीत तुला बसायला जागा नव्हती.

तुला आठवतं ना ते? सनद मिळवून तू नवा नवा आलास, तेव्हा तुला सांगितलं गेलं की आत टेबल ठेवायला जागा नाही. जागा होती. खिडकीखालची, एका निवृत्त वकिलाची, वर्षभर रिकामी पडलेली. मी बाई म्हणून आधीपासूनच बाहेर व्हरांड्यात होते. तू कशासाठी बाहेर, ते कुणी तोंडानं बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती, तुझं आडनाव साळवे होतं. मी माझ्या फायली एका बाजूला सरकवल्या आणि तुला म्हटलं, बस इथं. तू बसलास आणि पहिली गोष्ट काय केलीस, तर चहावाल्याला विचारलंस की अर्धा चहा पाऊण भावात कुठल्या कलमाखाली देतोस. त्या दिवसापासून त्यानं तुझं नाव कलमवाले ठेवलं होतं. मी येडगावची, धरणाच्या पाण्यावर बागायती झालेल्या घरातली, आणि तू धरणाच्या पाण्यानं गाव गिळलेल्या घरातला. एका टेबलावर आपण इतकी वर्षं कसे टिकलो, याचं लोकांना नवल वाटायचं. आपण दिवसातून एकदा तरी भांडायचो, म्हणून टिकलो.

तुझ्या वडिलांची गोष्ट तू मला एकदाच सांगितलीस. तुमचं गाव पाण्याखाली जाणार होतं आणि बदली जमिनीसाठी अर्ज करायला मुदत होती. त्याची नोटीस चावडीत लावली होती म्हणतात. चावडीला कुलूप असायचं. वडील अर्ज घेऊन गेले तेव्हा मुदत संपलेली. टेबलामागच्या माणसानं त्यांना सांगितलं, कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही. घरी येऊन वडील चिडले नाहीत. ते लाजले. आपणच अडाणी, आपलंच चुकलं, असं म्हणत राहिले. ती लाज तुला कधीच सहन झाली नाही.

"वाक्य बरोबर हाय, ताई," तू म्हणाला होतास. "कायदा ठावं नव्हता ही सबब न्हाई. पण मग कायदा ठिवलाय कुठं, ते तरी सांगाल का न्हाई?"

खरंच, कुठं होता तो? आपण दोघांनी हिशेब मांडला होता. इंग्रजी पुस्तकं वकिलांच्या काचेच्या कपाटात. मराठी पुस्तकं पुण्याला सरकारी विक्री केंद्रात, आणि तिथं गेलं की शिल्लक नाही. रोज बदलणारी परिपत्रकं तर आपल्या एका ज्येष्ठांच्या लोखंडी कपाटात, ज्याची चावी त्यांच्या जानव्याला. तू त्यांच्याकडे एक प्रत मागायला गेलास तेव्हा ते म्हणाले, अरे, ही आमची पुंजी, ती काय अशी वाटायची असते? लोकांनी निवडून दिलेल्या सरकारनं लोकांसाठी काढलेला कागद, आणि तो एका माणसाची पुंजी! मग माहिती अधिकाराचा कायदा आला, तू पहिल्या दिवसापासून अर्ज करायला लागलास. ज्या परिपत्रकाचा आधार देऊन एका कार्यालयानं तुझ्या पक्षकाराचा अर्ज फेटाळला होता, त्याचीच प्रत तू मागितलीस. उत्तर आलं, सदर परिपत्रक या कार्यालयात उपलब्ध नाही. ते उत्तर तू आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवलंस. अजून आहे तिथं. येणारा जाणारा वाचतो आणि मान हलवतो.

ब्लॉग हा शब्द मी तुझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. इंटरनेटवर आपलं पान उघडायचं, त्यावर कायदा सोप्या मराठीत लिहायचा, फुकट, कुणीही वाचावा. मी विचारलं, कोण वाचणार रे? बैल विकायला आलेला माणूस सायबर कॅफेत जाऊन बसणार आहे का? तू म्हणालास, तो नाही जाणार, आपण जाऊ. आणि मग नारायणगावच्या त्या कॅफेत आपल्या संध्याकाळी गेल्या. तू एका बोटानं टाईप करायचास. कधी मराठी अक्षरांच्या नुसत्या चौकटी दिसायच्या, कधी अर्धं पान झालं की लाईट जायची आणि सगळं पुसलं जायचं. घोडेगावला अडकलास की तू फोनवर मजकूर सांगायचास आणि मी इकडे टाईप करून पानावर टाकायचे. पासवर्ड तू मला तेव्हाच दिला होतास. त्याचा असा उपयोग होईल असं आपल्याला वाटलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी तू त्या पानांच्या छापील प्रती घेऊन मोटरसायकलवर बेल्ह्याला जायचास. मी एकदा तुझ्याबरोबर आले होते. गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून सौदा करत होते. बैल सगळ्यांसमोर उभा, बैलाचा मालकही समोर उभा, आणि भाव मात्र रुमालाखाली. तू मला कोपरानं ढोसलंस. म्हणालास, ताई, आपलं कोर्ट बघून घ्या. मग तू मालकांच्या हातात कागद द्यायला लागलास. त्यांना वाटायचं निवडणूक आली.

तुझी खरी गाजलेली लेखमाला म्हणजे 'या कामाला वकील लागत नाही'. सातबाऱ्यावर वारसाची नोंद कशी लावायची, अर्ज कुणाकडे द्यायचा, पोच कशी मागायची, हरकत आली तर काय, नाही आली तर काय. रेशनकार्ड, जन्माचा दाखला, बांधाची मोजणी. प्रत्येक लेखाच्या मथळ्यावर तेच वाक्य. यावरून आपलं किती वाजलं! मी म्हणायचे, अरे, नुसता कायदा हातात देणं म्हणजे औषध देऊन किती घ्यायचं ते न सांगणं. लोक फसतील. तू म्हणायचास, आत्ता काय कमी फसतात? शेवटी मी हट्टच धरला. मग तू प्रत्येक लेखाच्या शेवटी एक ओळ टाकायला लागलास, की अमुक अडचण आली तर मात्र वकिलाकडे जा. ती ओळ माझी. तू टाकायचास तेव्हा कपाळाला आठ्या घालायचास. वर तू तुझं नाव लिहायचास, मिलिंद कोंडिबा साळवे, आणि खाली फोन नंबर. लोकांना काही विचारायचं असलं तर त्यांनी कुणाला विचारायचं, एवढ्याचसाठी.

आणि मग हौसाबाईंनी तो शिक्का मारून घेतला.

हौसाबाई बेल्ह्याच्या पलीकडच्या वाडीतल्या. नवरा गेला होता आणि सातबाऱ्यावर दिरांनी त्यांचं नाव लागू दिलं नव्हतं. तुझा वारस नोंदीचा कागद त्यांच्या भाच्यानं त्यांना वाचून दाखवला. त्यांना तो पटला, फक्त त्यात एक खोट दिसली. त्याच्यावर शिक्का नव्हता. आपल्याकडे शिक्क्याशिवाय कागदाला कागद म्हणत नाहीत, हे तू विसरलास आणि मीही. त्या सरळ ग्रामपंचायतीत गेल्या, तिथल्या माणसानंही काही न वाचता गोल शिक्का उठवून दिला, आणि त्यांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तलाठ्यापुढे ठेवला. तलाठी घाबरला. शासनाचा आदेश आलाय आणि आपल्याला पत्ताच नाही, असं त्याला वाटलं. मग जेव्हा त्याच्या लक्षात आलं की हा इंटरनेटवरचा कागद आहे, तेव्हा त्या भीतीचा राग झाला आणि तो राग आपल्या बारमध्ये येऊन पोचला. साळवे वकील बनावट सरकारी कागद वाटतात.

बारमधल्या लोकांना तेवढंच हवं होतं. तुझ्या त्या मथळ्यामुळे त्यांच्या पोटात कधीपासून दुखत होतं. तक्रारीत दोन गोष्टी लिहिल्या. एक, बनावट कागद. दोन, वकिलानं जाहिरात करू नये असा नियम असताना तू नाव आणि फोन नंबर टाकून स्वतःची जाहिरात करतोस. पुरावा म्हणून काय जोडलं, तर लेखाच्या शेवटची ओळ. वकिलाकडे जा. वकील लागत नाही, असं लोकांना वर ठळक अक्षरांत सांगणारा माणूस म्हणे पक्षकार गोळा करतो! ती ओळ माझी आहे असं मी लेखी दिलं. तो कागद कुणी वाचला की नाही, देव जाणे. कदाचित त्यावर शिक्का नव्हता म्हणून नसेल वाचला.

हौसाबाईंना बोलावलं होतं. त्या दारातच चपला काढून आत आल्या. अध्यक्षांनी विचारलं, हा कागद सरकारचा आहे असं तुम्हाला साळवे वकिलांनी सांगितलं का? त्या म्हणाल्या, "न्हाई. शिक्का मीच मारून घेतला."

का, असं विचारल्यावर त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "बिनशिक्क्याचा कागद तुमी वाचता का, साहेब?" त्या म्हणाल्या. "मी चार साल बिनशिक्क्याचे अर्ज देत व्हते. यो पयला कागद त्यांनी बसून वाचला. कागदात लिवलेलं खोटं असंल तर सांगा, मी माघारी जाते."

कागदात लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. बनावट कागदाचा मुद्दा तिथंच पडला. हौसाबाईंची नोंदही पुढे लागली, रडत रखडत, पण वकिलाशिवाय.

जाहिरातीचा मुद्दा मात्र त्यांनी सोडला नाही. तुला बाजूला घेऊन प्रेमानं सांगितलं, की तक्रार वर पाठवली तर सनदेवर येईल, लहान मुलगी आहे तुला, कशाला वाढवतोस. पान बंद कर, नाहीतर निदान नाव आणि नंबर काढ. आणि तू हो म्हणून आलास. त्याच संध्याकाळी तू कॅफेत जाऊन तुझं नाव काढलंस आणि तिथं लिहिलंस, लेखक, एक नागरिक.

या गोष्टीवरून मी तुझ्याशी जी भांडले ते भांडण अजून संपलेलं नाही. तू गेलास म्हणून ते मिटलं असं समजू नकोस. मी म्हटलं होतं, लढू. मी तुझं वकीलपत्र घेते, वरपर्यंत जाते. तुझ्या आजोबांचं नाव जुन्या दप्तरात नुसतं एकेरी लिहिलंय, त्याच्यापुढे फक्त जात, हे तूच मला दाखवलं होतंस. तुझ्या वडिलांनी धर्मांतरानंतर घरातली नावं बदलली, मुलाचं नाव मुद्दाम मिलिंद ठेवलं. त्या नावाखाली इतकं चांगलं काम झालं, आणि तेच तू यांच्या एका दमावर पुसून आलास?

तू नेहमीसारखा हसला नाहीस. म्हणालास, "नाव माझं हाय, ताई. कायदा त्यांचा हाय. पान बंद झालं असतं तर मी लढलो असतो. नावापायी पान घालवू व्हय?"

मी म्हटलं, दोन्ही ठेवता आलं असतं. तू म्हणालास, तुमच्या घरात दोन्ही ठेवायची सवय आहे, आमच्या घरात एकच काहीतरी वाचवायची सवय आहे. मला ते लागलं. मी त्यानंतर कितीतरी दिवस तुझ्याशी कामापुरतंच बोलले. तुझं म्हणणं मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटलेलं नाही. नाव म्हणजे काय मिरवायची वस्तू आहे? नाव असतं तेव्हा जाब विचारता येतो, शंका विचारता येते, आभार मानता येतात. बिननावाच्या रानात कुणीही गुरं सोडतं. आणि सोडलीच की. वर्षभरात आपल्याच बारमधल्या लोकांच्या फायलींत तुझ्या पानांच्या प्रती निघायला लागल्या. तुझा अर्जाचा नमुना ते पक्षकाराला द्यायचे आणि त्याची फी घ्यायचे. तू ते पाहिलंस तेव्हा काय म्हणालास? बरं झालं, पोचतंय ना. मला त्या क्षणी तुला एक ठेवून द्यावीशी वाटली होती.

पण मग तो खोडदचा दिवस आठवतो आणि माझा आवाज खाली येतो. बेल्ह्याहून येताना तू मोटरसायकल रस्त्याच्या कडेला घेतलीस. रानात रेडिओ दुर्बिणीच्या त्या अवाढव्य अँटेना आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या, खाली कांद्याची लावणी चालली होती. तू बराच वेळ बघत राहिलास. मग म्हणालास, "तिकडं कुठं लांब तारा बोलतो, त्ये हितं ऐकू येतं राव. आन् आमच्या बापाला चावडीतलं ऐकू आलं न्हाई." तुझे डोळे भरले होते. तू हेल्मेट घातलंस आणि गाडी सुरू केलीस. त्या दिवशी मला कळलं की तू हे सगळं नावासाठी करत नव्हतास. एका माणसाची लाज धुऊन काढायला करत होतास. तुझ्याजवळ बसून मला वकिली कळली, मिलिंद. त्याआधी मी नुसते दावे लढवत होते. हे तुला एकदा तोंडावर सांगायचं राहिलं, कारण आपण भांडत होतो.

तर शोकसभेचं उरलेलं सांगते. भाषणं झाल्यावर अध्यक्षांनी ठराव मांडला. तुझ्या सगळ्या लेखांचं पुस्तक काढायचं. प्रकाशक म्हणून संघटनेचं नाव, प्रस्तावना अध्यक्षांची, संकलनाला समिती. समितीत ते लोखंडी कपाटवाले. पुस्तक खपावं म्हणून इंटरनेटवरचं पान बंद करायचं, आणि विक्रीचे पैसे मदत म्हणून तुझ्या घरी द्यायचे. आणि तुझं नाव? मी विचारलं. त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं. पहिल्या पानावर असेल ना, ते म्हणाले, मिलिंद साळवे यांच्या स्मरणार्थ.

स्मरणार्थ. एसटी स्टँडवरच्या बाकावर लिहितात तसं. म्हणजे जे तू लिहिलंस ते यांनी तुझ्या आठवणीसाठी छापलं, असं वाचणाऱ्याला वाटणार. मी उठणार होते, पण माझ्याआधी तुझी बायको कविता उठली. पहिल्या रांगेत, पांढऱ्या साडीत, इतका वेळ मान खाली घालून बसलेली. शाळेत पोरांना शिकवणारा तिचा आवाज आहे, तो तिनं चढवला नाही.

"मदत नको," ती म्हणाली. "लोकांना फुकट मिळतंय ते बंद करून त्याचे पैसे मला देणार? ते कशावर जगले हे तुम्हाला माहीत नसेल, मला माहीत आहे. द्यायचंच असेल तर त्यांचं नाव परत द्या. तुम्हीच घेतलं होतं."

कुणी खाकरलं, कुणी घड्याळ पाहिलं. ठराव पुढच्या बैठकीत घेऊ, असं ठरलं. म्हणजे तुझ्या नावालाही तारीखच पडली.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी तुमच्या घरी गेले. बुद्धवंदना झाली, लोक जेवून पांगले. हौसाबाई आल्या होत्या, तो शिक्क्याचा कागद अजून त्याच पिशवीत. त्यांनी तो तुझ्या फोटोपाशी ठेवला, हात जोडले, आणि जाताना उचलून परत पिशवीत घातला. कामाचा हाय, म्हणाल्या, शेजारणीला द्यायचाय. तुला याहून चांगली श्रद्धांजली मी पाहिली नाही. मी भांडी आत नेऊन ठेवत होते तेव्हा कविता मागून आली आणि हळूच म्हणाली, "ताई, त्या पानावर तुम्हाला जाता येतं ना?"

मी तशीच नारायणगावला गेले. कॅफेवाल्यानं तुझं नेहमीचं, दाराजवळचं मशीन लावून दिलं. एक नागरिक, हे शब्द मी पुसले. तुझा फोन नंबर नाही टाकला, तो आता कविता उचलते आणि तिला त्रास नको. पण नाव पूर्ण लिहिलं. पेपरातल्या बातमीत वडिलांचं नाव गाळलं होतं, म्हणून ते मुद्दाम नीट पाहून टाईप केलं. मिलिंद कोंडिबा साळवे. प्रत्येक लेखावर. मध्येच लाईट गेली, परत आली, मी पुन्हा बसले. शेवटच्या ओळीखाली एक वाक्य जोडलं, की वकिलाकडे जा ही सूचना अ‍ॅडव्होकेट सुनंदा यांची असून त्याबद्दलची तक्रार त्यांच्याविरुद्ध करावी. आणि आता हे पत्रही त्याच पानावर टाकणार आहे, तुझ्या लेखांच्या वर. नियम मी आधी वाचून गेले होते. वकिलानं जाहिरात करू नये असं त्यात आहे. गेलेल्या वकिलाबद्दल काही नाही. तुला आता पक्षकार मिळण्याची भीती उरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टात गेल्यावर मी बारच्या खोलीतून तुझी खुर्ची उचलून आणली आणि आपल्या टेबलाशी ठेवली. एकदोघांनी पाहिलं. संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. त्यांनी पान पाहिलं होतं. बैठक व्हायच्या आधी हे कुणाला विचारून केलंत, म्हणाले. मी म्हटलं, ज्यांचं आहे त्यांच्या बायकोला विचारून. ते म्हणाले, तुमची सनद अजून चालू आहे, तेवढं ध्यानात ठेवा, आम्हाला तक्रार करावी लागेल. मी म्हटलं, जरूर करा, लेखी करा, आणि त्याची एक प्रत मला द्या, म्हणजे तीही पानावर टाकता येईल.

मग जरा मऊ आवाजात, जुन्या ओळखीचा माणूस विचारतो तसं त्यांनी विचारलं, "बाई, उत्तर द्यायला वकील कोण देणार?"

मी म्हटलं, "या कामाला वकील लागत नाही."